अकोले : कळसूबाईच्या छायेतील एका तालुक्याची गोष्ट

महाराष्ट्रातील सर्वांत उंच ठिकाण कोणते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते : कळसूबाई, १,६४६ मीटर. परंतु हे शिखर ज्या तालुक्यात उभे आहे, त्याचा इतिहास विचारला तर भलेभले गडप्रेमीही दोन-चार किल्ल्यांची नावे घेऊन थांबतात. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा अकोले तालुका तो हाच. आजचा धागा या तालुक्याविषयी. यात देवळे आहेत, गड आहेत, फाशीचा दोर आहे आणि एक धरणही आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, डोंगरावर पडणारे पाणी नेमके कोणाचे, हा प्रश्न आहे.

आधी भूगोल समजून घेणे आवश्यक आहे, कारण येथील इतिहास भूगोलाने घडविला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. त्या पठाराची पश्चिम कड म्हणजे सह्याद्री. अकोल्याच्या हद्दीवर ही कड अक्षरशः तुटलेली आहे. एका पावलावर देश, पुढच्या पावलाखाली कोकण. पश्चिमेकडील घाटघर येथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, म्हणून त्याला नगर जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात. तेथून पूर्वेकडे अवघ्या पन्नास-साठ किलोमीटरवर हाच पाऊस पाचशे मिलिमीटरच्या घरात येतो. एकाच तालुक्यात भाताची खाचरे आणि बाजरीचे माळ असा हा प्रकार आहे.

प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावते, मुळा हरिश्चंद्रगडाच्या बाजूने. दोन्ही नद्या पूर्वेकडे वाहत जाऊन अखेर गोदावरीला मिळतात. नगर जिल्ह्याच्या उत्तर भागातील शेती बहुतांशी या दोन नद्यांवर उभी आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे ती पुन्हा येणार आहे.

कळसूबाईची कथा येथील आदिवासी समाजात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते आणि इंग्रजांच्या गॅझेटियरनेही ती नोंदवून ठेवली आहे. काळसू नावाची एक कोळी मुलगी रानोमाळ हिंडत पायथ्याच्या गावी आली आणि एका घरी कामाला राहिली. अट एकच : केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. काही दिवस सुखाचे गेले. मग एके दिवशी घरच्यांनी तिला तीच कामे करावयास लावली. तिने ती केली आणि थेट डोंगराची वाट धरली. शेवटपर्यंत ती शिखरावरच राहिली. जेथे तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ, जेथे केर टाकला ती काळदरा. आज शिखरावर तिचे छोटेसे देऊळ आहे, नवरात्रात तेथे यात्रा भरते आणि बारी गावातून निघालेले भाविक लोखंडी शिड्या चढून वर जातात. राज्यातील सर्वोच्च स्थानी विराजमान असलेली देवता कोणा राजकुळाची कुलस्वामिनी नाही. ती आहे मनाविरुद्ध काम करण्यास नकार देणारी एक मोलकरीण. लोककथा इतिहास नसते हे खरे. पण ज्यांनी ही कथा जपली त्यांच्या स्वभावाविषयी ती बरेच काही सांगून जाते.

आता देवळांकडे वळू. संगमनेर येथे सापडलेला यादव राजा दुसरा भिल्लम याचा ताम्रपट शके ९२२, म्हणजे इ. स. १००० चा आहे. म्हणजे या खोऱ्यावर तेव्हा यादवांच्या पूर्वजांची सत्ता होती. याच काळात आणि पुढील दोन शतकांत प्रवरेकाठी उत्तमोत्तम मंदिरे उभी राहिली. अकोले गावातील सिद्धेश्वर आणि रतनवाडीतील अमृतेश्वर ही त्यांतील प्रमुख. अमृतेश्वराचे शिखर पाहताना लहान लहान शिखरांच्या प्रतिकृती एकावर एक रचत नेलेल्या दिसतात. ही भूमिज शैलीची खूण. शेजारी दगडी पुष्करणी, मागे रतनगडाचा कडा. एवढ्या दुर्गम दरीत एवढे देखणे देऊळ कोणी आणि कशासाठी बांधले असेल, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतोच. उत्तराचा एक धागा घाटवाटांत आहे. कोकणातील बंदरांवरून देशावर येणारा माल याच डोंगरांतून चढत असे आणि जेथे वाट चढते, तेथे जकात, वस्ती आणि देऊळ या तिन्ही गोष्टी येतात.

हरिश्चंद्रगड हे तर स्वतंत्र प्रकरण आहे. सुमारे १,४२० मीटर उंचीच्या या गडावर तटबुरुजांपेक्षा लेणी, टाकी आणि मंदिरेच अधिक. हरिश्चंद्रेश्वराचे उंच शिखराचे मंदिर आणि त्याच्या जवळचे केदारेश्वराचे लेणे विशेष प्रसिद्ध आहे. लेण्यात कमरेएवढ्या थंडगार पाण्यात भव्य शिवलिंग आहे. भोवती चार खांब होते, त्यांपैकी आता एकच शाबूत आहे. उरलेला एक खांब तुटला की जगाचा अंत, ही कथा अलीकडे फार पसरली आहे. ती मनोरंजक आहे, इतकेच. या गडाचे खरे वैभव वेगळे आहे. चांगदेवांचा ‘तत्त्वसार’ हा मराठी ग्रंथ शके १२३४ मध्ये, म्हणजे इ. स. १३१२ साली, याच गडावर रचला गेला. चांगदेव नावाच्या एकाहून अधिक व्यक्ती होऊन गेल्या असाव्यात, असे अभ्यासकांचे मत आहे. त्यामुळे हे चांगदेव म्हणजे ज्ञानदेवांना कोरे पत्र पाठविणारे चांगदेवच, असे ठामपणे म्हणणे धाडसाचे ठरेल. मात्र ज्ञानेश्वरी लिहून उणीपुरी बावीस वर्षे झाली असताना, सह्याद्रीच्या एका निर्जन माथ्यावर मराठीत तत्त्वज्ञान लिहिले जात होते, एवढे निश्चित.

या डोंगरांचे राखणदार कोण, याचे उत्तर महादेव कोळी हा समाज. डोंगरी मुलूख मावळांत विभागलेला होता. प्रत्येक मावळावर एक नाईक आणि या सर्वांवर सरनाईक अशी व्यवस्था बहमनी काळापासून असल्याचे परंपरा सांगते. गडांवरील पहारे, घाटवाटांची राखण आणि त्याबदल्यात वतने असा हा व्यवहार होता. निजामशाही बुडाल्यानंतर मोगलांनी जमिनीची मोजणी करून सारा बसविण्यास सुरुवात केली, तेव्हा खेमी सरनाईकाच्या नेतृत्वाखाली कोळ्यांनी बंड केले. ते निर्दयपणे मोडले गेले. शिवनेरीवर ज्या ठिकाणी पकडलेल्यांची मुंडकी उडविण्यात आली, तो ‘काळा चबुतरा’ म्हणून आजही ओळखला जातो.

शिवकाळातील एक प्रसंग या तालुक्याचा स्वतःचा आहे. १६७९ च्या अखेरीस जालन्याची मोहीम आटोपून शिवाजी महाराज परतत असता मोगल फौजांनी त्यांना वाटेत गाठले. निकराची झुंज झाली. बहिर्जी नाईकाने आडवाटांनी महाराजांना सुखरूप पट्टा किल्ल्यावर आणले. महाराजांनी तेथे काही दिवस विश्रांती घेतली आणि पट्ट्याचे नाव विश्रामगड झाले. त्यानंतर काही महिन्यांतच, एप्रिल १६८० मध्ये, महाराजांचे निधन झाले. अखंड धावपळीच्या त्या आयुष्यातील शेवटच्या निवांत मुक्कामांपैकी हा एक, असे म्हणता येईल.

मात्र हाच पट्टा १६८८ मध्ये मोगल सरदार मातबरखानाने जिंकून घेतला आणि त्या पाठोपाठ या रांगेतील अनेक गड मोगलांकडे गेले. या मोहिमेत स्थानिक कोळ्यांची मदत त्याला झाली. येथे घाईने ‘फितुरी’ हा शब्द वापरण्याचा मोह टाळलेला बरा. डोंगरातील नाईकांची निष्ठा प्रथम आपल्या मावळाशी आणि वतनाशी होती. दिल्ली, विजापूर, रायगड ही दूरची नावे होती. घाटाची राखण करणारा हात कोणीही सत्ताधीश असला तरी त्याला लागतच असे. आपल्याला लागणारे हे हात विकत घेता येतात किंवा सन्मानाने जोडता येतात, हे महाराजांनी ओळखले होते. ते न ओळखणाऱ्यांना पुढे त्रास झाला.

पेशवाईतील जावजी बांबळे हे त्याचे ठळक उदाहरण. राजूर भागातील हा नाईक पुणे दरबाराशी बिनसल्यावर बाहेर पडला, रघुनाथरावांच्या पक्षाला मिळाला आणि नाना फडणविसांच्या फौजांना डोंगरात वर्षानुवर्षे हुलकावणी देत राहिला. अखेर तुकोजी होळकरांच्या मध्यस्थीने तडजोड झाली. जावजीने ताब्यातील गड सोडले आणि त्याच्याकडे राजूर परगण्यातील गावांचा कारभार देण्यात आला. बंडखोराला पकडता येत नसेल तर त्यालाच अधिकारी करावे, हे जुन्या राज्यकर्त्यांचे शहाणपण.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि हे शहाणपणही संपले. गड इंग्रजांच्या हाती गेले, त्यांच्या वाटा आणि पायऱ्या उद्ध्वस्त करण्यात आल्या, शिबंद्या मोडल्या. गडांवर पहारा देणाऱ्या शेकडो घरांची भाकरी एका फटक्यात गेली. ज्यांना नेमणुका मिळत होत्या त्यांच्या रकमांना कात्री लागली. शिवाय रोख सारा आला. रोख पैसा म्हणजे सावकार, सावकार म्हणजे कर्जरोखा आणि कर्जरोखा म्हणजे कोर्ट. डोंगरातील माणसाला या तिन्ही गोष्टी नव्या होत्या. १८२९-३० मध्ये रामजी भांगरे आणि इतर नाईकांनी उठाव केला. तो कॅप्टन मॅकिंटॉशने मोडून काढला. याच मॅकिंटॉशने पुढे महादेव कोळ्यांविषयी सविस्तर माहिती लिहून ठेवली. ज्यांचा पाठलाग केला, त्यांचाच अभ्यास करावा, ही त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांची रीत होती.

रामजींचे पुत्र राघोजी. जन्म १८०५, गाव देवगाव. १८४४ च्या सुमारास राघोजींनी जो उठाव केला, त्याची झळ नगर, नाशिक, पुणे आणि ठाणे अशा चारही जिल्ह्यांना लागली. त्यांच्या रोषाचे पहिले लक्ष्य सरकारी कचेरी नव्हते, सावकार होते. सावकारांची नाके कापली जात, घरांची झडती घेऊन कर्जाचे कागद हस्तगत केले जात. ही क्रूरता लपविण्याचे कारण नाही. परंतु शेतकऱ्याची जमीन कोणत्या कागदाने गिळली जाते, हे राघोजींना अचूक कळले होते. त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी, १८७५ मध्ये, पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या दारांत जाऊन कर्जरोख्यांच्या होळ्या केल्या. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ते प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहेत. त्यांची पूर्वछाया अकोल्याच्या डोंगरात दिसते, याची नोंद मात्र फार थोडे घेतात.

इंग्रजांनी राघोजींवर इनाम लावले, कुटुंबीयांना त्रास दिला, सहकाऱ्यांना एकेक करून पकडले. राघोजी वेषांतर करून पंढरीच्या यात्रेकरूंत मिसळले. २ जानेवारी १८४८ रोजी लेफ्टनंट गेलने त्यांना पंढरपुरात पकडले. खटला ठाण्यात चालला आणि २ मे १८४८ रोजी ठाणे कारागृहात त्यांना फाशी देण्यात आली.

यापुढचा भाग वाचताना क्षणभर थांबावे लागते. अवघ्या नऊ वर्षांनी १८५७ चा वणवा पेटला. दख्खनच्या या भागात भागोजी नाईकाच्या नेतृत्वाखाली भिल्लांनी उठाव केला. तेव्हा सरकारने काय केले? कॅप्टन नटॉल या अधिकाऱ्याला कोळ्यांचेच एक पथक उभारण्यास सांगितले. ‘कोळी कोअर’ या नावाने ते ओळखले जाई आणि त्यात सुमारे सहाशे जवान भरती झाले. ज्या डोंगरवाटा बंडखोर म्हणून तुडविल्या, त्याच वाटा आता सरकारी शिपाई म्हणून तुडवायच्या! त्यांच्या चपळाईचे आणि चिवटपणाचे इंग्रज अधिकाऱ्यांनी मनापासून कौतुक केले. मग १८६१ मध्ये काम संपल्यावर पथक बरखास्त करण्यात आले आणि माणसे पुन्हा आपापल्या खाचरांकडे परतली. अन्न देणाऱ्या सत्तेसाठी लढणे आणि अन्न हिरावणाऱ्या सत्तेशी लढणे या दोन्ही गोष्टी एकाच समाजाने एकाच पिढीत केल्या. वीर किंवा गद्दार अशा दोनच खणांत इतिहास मांडणाऱ्यांची येथे पंचाईत होते.

इंग्रज या डोंगरांत केवळ बंडे मोडण्यास आले नव्हते. ते पाहण्यासही आले. कर्नल साइक्स यांनी हरिश्चंद्रगडावरील एका विलक्षण दृश्याची नोंद केली, ती १८३५ मध्ये प्रसिद्ध झाली. कोकणकड्याखालच्या दरीत धुके भरून आलेले असावे, पाठीमागून सूर्य कलता असावा, म्हणजे समोर धुक्यावर पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य उमटते आणि त्याच्या मध्यभागी पाहणाऱ्याची स्वतःची सावली दिसते. यालाच ‘इंद्रवज्र’ म्हणतात. हा चमत्कार नव्हे, धुक्यातील सूक्ष्म जलबिंदूंनी प्रकाशाशी केलेला खेळ आहे. पण कोकणकडा मुळातच असा आहे, की तेथे साध्या वाऱ्याचाही चमत्कार वाटतो. नागाच्या फण्याप्रमाणे आत वळलेली ही प्रचंड भिंत पाहिल्यावर पठाराची कड ‘तुटलेली’ म्हणजे काय, हे शब्दांवाचून कळते.

विसाव्या शतकाने या तालुक्यात एक अशी गोष्ट आणली, जिने गडांपेक्षाही अधिक उलथापालथ केली. भंडारदरा येथे प्रवरेवर धरण बांधण्यास १९१० मध्ये प्रारंभ झाला. १९२६ मध्ये ते पूर्ण झाले आणि मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. सुमारे ८२ मीटर उंचीची ही दगडी भिंत त्या काळी भारतातील सर्वांत उंच धरणांत गणली जाई. जलाशयाची क्षमता सुमारे ११ हजार दशलक्ष घनफूट. पाणी डोंगरात अडवायचे, नदीने खाली सोडायचे, संगमनेर तालुक्यातील ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत घ्यायचे आणि खालच्या सपाट मुलखाला द्यायचे अशी ही रचना.

परिणाम काय झाला? दुष्काळाने होरपळलेल्या खालच्या खोऱ्यात ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी येथे शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या अखेरीस त्याचा गळीत हंगाम सुरू झाला. महाराष्ट्राच्या सहकाराचे, आणि पर्यायाने राजकारणाचे, एक मोठे पर्व येथून सुरू होते. ही मोठी कामगिरी होती, यात शंका नाही. मात्र ज्या दऱ्यांत ते पाणी पडले, तेथील खाचरे पाण्याखाली गेली. आणि धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाड्यावस्त्यांना पाणी उचलून देण्याची सोय त्या रचनेत नव्हती. परिणामी, जेथे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेथेच एप्रिल-मे महिन्यांत बायाबापड्यांना हंड्यासाठी वणवण करावी लागते.

पर्यटकांना येथे एक गंमत सांगावीशी वाटते. भंडारदऱ्याचा प्रसिद्ध ‘अंब्रेला फॉल’ हा निसर्गाचा धबधबा नाही. धरणाच्या भिंतीतील मोरी उघडली की पाणी खालच्या फुगीर खडकावर आदळून छत्रीसारखे पसरते. म्हणजे ज्या दृश्यापुढे छायाचित्रे काढली जातात, ते खालच्या शेतीसाठी सोडलेले पाणी असते. पुढे रंधा येथे प्रवरा सुमारे १७० फूट खाली उडी घेते. तो धबधबा खरा. परंतु वरून पाणी किती सोडले, यावर त्याचेही रूप अवलंबून असते.

प्रवरेवरचे दुसरे धरण निळवंडे. त्याची कल्पना १९७० ची, अंदाजित खर्च आठ कोटींच्या आत. जागा बदलल्या, आंदोलने झाली, पुनर्वसनाचे प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळले. डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले ते २६ ऑक्टोबर २०२३ रोजी, तोवर प्रकल्पाचा खर्च पाच हजार कोटींच्या पुढे गेला होता. दरम्यान पाण्याला आणखी एक दावेदार उभा राहिला होता. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने आणि २०१३ च्या मेंढेगिरी समितीच्या अहवालाने गोदावरी खोऱ्यातील पाण्याचे समन्यायी वाटप करण्याचे सूत्र आले. त्यामुळे तुटीच्या वर्षी नगर-नाशिकच्या धरणांतून मराठवाड्यातील जायकवाडीसाठी पाणी सोडावे लागते. तेव्हा नगरचे बागायतदार आणि मराठवाड्याचे शेतकरी न्यायालयात समोरासमोर येतात. वर्तमानपत्रांचे मथळे याच दोघांविषयी असतात. तिसरा पक्ष, म्हणजे जेथे तो पाऊस पडला तो डोंगर, या वादात क्वचितच कोणाच्या तोंडी येतो.

डोंगराने आपले काही राखले आहे, हेही सांगितले पाहिजे. १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३६२ चौरस किलोमीटर. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांच्या या रानात शेकरू आढळतो. सात वर्षांनी एकदा कारवी फुलते, तेव्हा डोंगरउतार जांभळे होतात. साम्रदची सांदण दरी म्हणजे दोन कातळभिंतींमधील एक अरुंद भेग. सूर्यप्रकाश तेथे अगदी थोडा वेळच तळाशी पोहोचतो. रतनगडाच्या माथ्यावर वाऱ्यापावसाने कातळ आरपार कोरून ‘नेढे’ तयार केले आहे. मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या सरींच्या आधी, काजवे झाडेच्या झाडे उजळून टाकतात. मोटारींच्या दिव्यांनी आणि गोंगाटाने त्याच काजव्यांच्या मीलनात व्यत्यय येतो, म्हणून जाणाऱ्याने अंधारात, शांतपणे आणि पायी जावे.

हा वारसा केवळ रानात नाही, तर घरांच्या कणग्यांतही आहे. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड न पाहता देशी भाताची, वालाची, भाज्यांची बियाणी जमा केली आणि घरातच बियाणे बँक उभी केली. केंद्र सरकारने २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर केली.

घाटघरला आज एक अजब यंत्रणा चालते. माथ्यावर एक जलाशय, खाली कोकणात दुसरा. विजेची मागणी वाढली की वरचे पाणी चारशे मीटरहून खाली सोडून वीज निर्माण करतात, मागणी घटली की तेच पाणी पंपांनी पुन्हा वर चढवितात. क्षमता २५० मेगावॅट. भाताची काढणी आटोपली, की याच परिसरातील वाड्यांमधून माणसेही खाली उतरतात. नारायणगावच्या मजूर बाजारात सकाळी उभी राहतात, टोमॅटो आणि द्राक्षांच्या बागांत राबतात, आणि मृगाच्या सुमारास राब भाजलेल्या खाचरांत पेरणी करण्यासाठी पुन्हा डोंगर चढून घरी येतात.